तिच्या कमरेची सुपारी

दिवा स्टेशनजवळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये दरवर्षी सत्यनारायण होतो आणि पूजेला बसायचा मान घरोघरी फिरतो. यंदा आमची पाळी आली. बायकोने हिरवी साडी कधीची इस्त्री करून ठेवलेली. मी तेव्हाच सांगितलं, मी बसणार नाही.

मी देव मानत नाही. वडील कोलशेतला कंपनीत हमाली करायचे. घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी. हे मत मला कुणी दिलं नाही, वाचून आणि भांडून कमावलंय. संकल्पाला हातात पाणी घेऊन ‘मी ही पूजा करतो’ म्हणायचं असतं. मनात नसताना ते पाणी सोडणं ही माझ्या लेखी खोटी साक्ष. लोक विचारतात, घटकाभर बसलास तर काय झिजणार आहे? झिजतं.

पण पूजेला जोडपं लागतं. मी बसलो नाही की तिचाही मान गेला. माझ्या मताची झळ तिला का, याचं उत्तर मी वाचलेल्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

पूजेच्या दिवशी पार्किंगमध्ये चौरंग मांडलेला, सगळी बिल्डिंग खुर्च्यांवर. ती एकटीच जाऊन पाटावर बसली. मी मागे उभा.

“यजमान कुठे आहेत?” गुरुजींनी विचारलं.

“ते नाही बसणार. बायको हजर नसली की पुरुष कमरेला सुपारी खोचून बसतात ना? तशी मला द्या.”

“वहिनी, ती बायकोच्या जागी असते. नवऱ्याच्या जागी नाही लावत. आणि हे तर समोर उभे आहेत.”

“समोर आहेत. पूजेत नाहीत.”

कोणीतरी फिसकन हसलं. सोसायटीचे चेअरमन काका उठले. “अगं, जित्या नवऱ्याची सुपारी करतेस? अपशकुन असतो तो. वरच्या मजल्यावरचे दोघं बसतील, तू उठ.” मग माझ्याकडे वळले. “अरे शहाण्या, बस ना. चारचौघांत बायकोची शोभा चाललीय.”

सगळ्या माना माझ्याकडे. माझा पाय खरंच पुढे पडलेला. तिने वळून पाहिलं.

“तू नको येऊस,” ती म्हणाली. मग काकांना, “खडवलीला माझे वडील वारले, त्यानंतर आईला कुणी पाटावर बसू दिलं नाही. नवरा नाही म्हणून. मला नवरा आहे, तरी तेच. मग बाईने पूजा करायची कधी?”

आता मी बोललो. “गुरुजी, मी मानत नाही. तिने मानू नये असं मी कधी म्हटलेलं नाही. उद्या मला काही झालं तर बोल तिला लावायचा नाही. सगळ्यांसमोर सांगतो.”

गुरुजींनी सुपारी दिली नाही. तिनेच तबकातली उचलून कमरेला खोचली आणि हात पुढे केला. पुढच्या रांगेतल्या दोघी उठून गेल्या. शेवटी गुरुजींनी पळीभर पाणी तिच्या तळहातावर घातलं.

काका अजून माझ्याशी बोलत नाहीत. मला साधा ताप आला तरी बिल्डिंग तिच्याकडे बघते. शकुन-अपशकुन मी मानत नाही, आजही नाही. पण जिन्यात खोकला आला, की दाबून धरतो आणि घरात शिरून दार लावल्यावरच खोकतो.