तीन पॉइंट आणि माझ्या नावावरची गाडी

वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर मी गाडी चालवायला शिकले. त्याआधीचे आयुष्य मी मागच्या सीटवर बसून काढले होते आणि त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. पुण्यातल्या शाळा-कॉलेजात किंवा पुढे सिंगापूरला रॅफल्स प्लेसच्या कचेरीत हिशेब तपासताना, कोणी नाव ठेवावे असे माझ्या हातून काही घडले नाही. याचे मुख्य कारण असे, की असे काही घडू शकेल अशा जागी मी जातच नसे. लिफ्टमध्ये माझ्याच पायावर कोणी पाय दिला, तरी 'सॉरी' मी म्हणत असे.

अशा बाईला लायसन्स मिळाले, तेव्हा घरच्यांना कौतुक वाटले आणि काळजीही. सिंगापूरला लायसन्सचे पहिले वर्ष परीक्षेचे असते. नवशिक्याची नारिंगी त्रिकोणाची पाटी पुढे-मागे काचेला लावून फिरायचे. नियम मोडला की लायसन्सवर पॉइंट चढतात आणि त्या वर्षात ते फार साचले, तर लायसन्सच जाते. स्वतःची गाडी घेणे आमच्यासारख्यांना परवडणारे नव्हते, त्यामुळे शनिवार-रविवारपुरती गाडी आम्ही भाड्याने आणत असू. ती यजमानांच्या नावावर असे. माझे नाव जादा चालक म्हणून खाली कुठेतरी असे.

तीन पॉइंट मिळाले ते सासूबाईंमुळे. त्या पुण्याहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. एका रविवारी मी त्यांना सेरंगून रोडवरून नेत असताना उजव्या हाताला देवळाचे उंच गोपूर दिसले. त्यांनी पायांतल्या चपला काढल्या, सीटचा पट्टा सोडला आणि पुढे वाकून, डोळे मिटून हात जोडले. माझे लक्ष रस्त्यावर होते. पुढच्याच सिग्नलला मोटरसायकलवरचा पोलीस काचेशी येऊन उभा राहिला. मागे बसलेल्याने पट्टा लावला आहे की नाही, याची जबाबदारी चालकाची असते. तो अतिशय सभ्यपणे बोलला आणि अतिशय सभ्यपणे त्याने नोंद केली.

"अहो आई, पट्टा का सोडलात?"

"अगं, पट्टा बांधून देवाला नमस्कार? हात बांधून पंगतीला बसावं तसं ते! आणि त्याला काय कळतंय, त्याचा देव वेगळा."

कायदा चुकीचा होता असे मी तेव्हाही म्हटले नाही, आजही म्हणत नाही. पण त्या तीन पॉइंटांवरून बाकीच्यांनी जो निष्कर्ष काढला, तो मला मान्य नव्हता. यजमानांच्या मित्रमंडळीत वेगाने गाडी हाकून याहून अधिक पॉइंट मिळवलेले दोघे-तिघे होते. ते जेवणाच्या ताटावर आपल्या पराक्रमाच्या गोष्टी सांगत आणि मग माझ्याकडे वळून म्हणत, "वहिनी, तुमच्या गाडीत बसायचं तर आधी विमा काढायला हवा!" त्यांचे पॉइंट हा किस्सा होता, माझे तीन हा पुरावा होता.

यजमान तुआसला एका कारखान्यात सुरक्षा विभागात होते. धोका दिसला की यंत्र बंद करायचे, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेले होते. "हे वर्ष जाऊ दे," ते समजुतीने म्हणाले. "पाटी उतरली की चालव. घाई काय आहे?"

घाई होती. मी स्वतःला ओळखत होते. एक वर्ष थांबले, तर मी कायमची थांबणार होते. मग मागची सीट, आणि विचारणाऱ्याला 'हो, लायसन्स आहे ना माझ्याकडे' असे सांगत राहायचे.

जुरोंगला एका ओळखीच्यांकडे सत्यनारायण होता. मी म्हणाले, "या वेळी भाड्याची गाडी मी माझ्या नावावर घेणार आहे." मी असे वाक्य कधी बोलत नसे.

भाड्याच्या गाड्यांचे दुकान एक चिनी बाई चालवत असे. गळ्यात साखळीला चष्मा, समोर गार झालेली कॉफी. मी लायसन्स पुढे केले आणि तिने विचारण्याआधीच पॉइंटांचे सांगून टाकले. तिने चष्मा चढवला, माझ्याकडे पाहिले, मग माझ्या मागे उभ्या असलेल्या यजमानांकडे.

"प्रोबेशन, सम मोर गॉट पॉइंट्स. अंकल ड्राइव्ह, इझियर लाह." म्हणजे नवशिकी, त्यात वर पॉइंट; त्यापेक्षा काकांनी चालवलेली सोपी.

"मी तेच म्हणतोय," यजमान मराठीत म्हणाले.

"नो," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "आय अ‍ॅम द ड्रायव्हर."

तिने सुस्कारा सोडला. देता येईल, पण गाडीला काही झाले तर भरपाईतला माझा हिस्सा दुप्पट, असे तिने सांगितले. यजमान माझ्या कानाशी आले. "अगं, माझ्या नावावर घेतली तर यातलं काहीच नाही. उगाच जोखीम कशाला?"

"जोखीम माझी आहे," मी म्हणाले.

तोवर खुर्चीत बसलेल्या सासूबाई उठल्या. "अरे, त्या बाईला सांग, ते तीन पॉइंट माझे आहेत. माझ्या नावावर लावून घे म्हणावं, आणि हिला गाडी दे."

"अह-मा काय म्हणते?" असे दुकानवालीने इंग्रजीत विचारले; अह-मा म्हणजे आजी. मी अर्थ सांगितला. ती पोट धरून हसली. "अह-मा गॉट लायसन्स, मेह?"

तिच्या हसण्यात माझी सही होऊन गेली.

बाहेर यजमान सवयीने चालकाच्या दाराशी जाऊन उभे राहिले. मी नुसती उभी राहिले. किल्ली माझ्या हातात होती. ते क्षणभर थांबले आणि वळसा घालून पलीकडे गेले. मी दोन्ही पाट्या काचांना लावल्या, हाताने घट्ट दाबून.

एक्स्प्रेसवेला लागल्यावर ते म्हणाले, "डावी लेन सोडू नकोस." समोर सिमेंटचा ट्रक रेंगाळत होता. यजमानांचा उजवा पाय पायपुसण्यावर दाबला जात होता.

"ब्रेक तुमच्या बाजूला नाहीये," मी म्हणाले.

"कुजकट बोलायलाही लायसन्स मिळालं वाटतं," ते म्हणाले. मागून सासूबाई खुदकन हसल्या.

मी आरशात पाहिले, खांद्यावरून वळून पाहिले, इंडिकेटर दिला आणि मधल्या लेनमध्ये शिरले. मागच्या गाडीने लांबलचक हॉर्न वाजवला.

"तो चिडलाय बघ," यजमान म्हणाले.

"चिडू दे," मी म्हणाले, आणि जुरोंगचा फाटा येईपर्यंत ती लेन सोडली नाही.