काहून नाही आली वं?

सातवीत असताना आमच्या वर्गाच्या बाईंनी एक नियम काढला होता. एखादं पोरगं लागोपाठ दोन दिवस आलं नाही, की शाळा सुटल्यावर त्याच्या रांगेतल्या सगळ्यांनी त्याच्या घरी जायचं, दारात उभं राहायचं आणि एका सुरात विचारायचं, "काहून नाही आला?" त्यात 'बे' आणि 'वं' आम्ही आमच्या पदरचं घालायचो. आधी बाई पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज टाकून पाहत. त्याखाली बापलोक अंगठा टाकत, आणि पोरगं घरचं घरीच. रांगेपुढं मात्र अंगठा चालत नसे. जठारपेठेतल्या बोळात दहा पोरं बोंबलायला लागली की शेजारपाजारचे बाहेर येत आणि आईबापाला सगळ्यांदेखत कारण सांगावं लागे. लग्न होतं, पोट दुखत होतं, नुसताच कंटाळा आला होता. दुसऱ्या दिवशी पोरगं मुकाट्यानं बाकावर. आम्हाला तर मजाच यायची. पुढे उभं राहून ओरडणाऱ्यांत मी असायचेच.

त्या वर्षी दिवाळीनंतर माझी आई गेली. डेंग्यूचा ताप आला, दवाखान्यात नेलं आणि ती परत आली नाही. मी रडले नाही. याची लोकांनी फार चर्चा केली. "पोरगी रडून नाही राहिली, रडवा तिले," असं बाया माझ्यासमोरच म्हणत, जणू घरातलं एक काम करायचं राहून गेलं होतं. मला खरंच काही वाटत नव्हतं. पाणी दिलं की मी प्यायचे, बस म्हटलं की बसायचे. बाहेर सतरंजीवर बाबा डोकं भादरून बसलेले असत. तेही कोणाशी बोलत नव्हते.

घर आत्यानं हाती घेतलं होतं. ती बाबांची धाकटी बहीण, धामणगावहून आलेली. तिनं पुष्कळ केलं, हे खरंच आहे. पण एका दुपारी ती स्वयंपाकघरात बायांना सांगत होती, "मले तेरवी झाली की जाच लागते. दादा डाळमिलमधी सकायी जाते थो रात्री येते. पोरीले यंदा घरीच राहू दे. पुढल्या साली पाहू शाळेचं." बायांनी माना डोलावल्या. भिंतीला टेकून मीही ऐकत होते. माझी शाळा सुटणार होती, आणि मला ते दुसऱ्याच कुणा मुलीबद्दल चाललंय असं वाटलं. शाळेत पुढचं साल कसं असतं ते मला ठाऊक होतं. एकदा घरी राहिलेल्या मुली परत बाकावर दिसत नाहीत.

बाई तेव्हा प्रशिक्षणासाठी अमरावतीला गेल्या होत्या, नाहीतर त्यांनी रांग अडवली असती. पोरांनी नियम पाळला. माझ्या बाकावरची मैत्रीण आमच्याच बोळाच्या तोंडाशी राहायची, तिच्या अब्बांचं बांगड्यांचं दुकान होतं. तिला सगळं माहीत होतं. वाटेत तिनं सगळ्यांना दटावून सांगितलं होतं, म्हणे, "कोणी काही बोलू नका. चुपचाप उभं राहाचं अन् वापस याचं."

तशी रांग अंगणात येऊन उभी राहिली. सतरंजीवरची माणसं बघत बसली. पोरं चुळबुळत होती. मग कुणाच्या तरी तोंडून सवयीनं "काहून" निघालं, आणि एकदा ते निघाल्यावर बाकीच्यांना आवरलं नाही. सगळी रांग एका सुरात ओरडली, "काहून नाही आली वं?" मैत्रीणसुद्धा ओरडली.

शेजारचे एक आजोबा काठी घेऊन उठले. "मयताच्या घरी असं बोंबलतेत का बे?"

पोरं पळणार तोच बाबांनी हात वर केला. आई गेल्यापासून मी त्यांचा आवाज ऐकला नव्हता.

"येते," ते म्हणाले. "तेरवी झाली की येते."

आत्या दारात आली. "दादा, थे शाळेत गेली तं सयपाक कोन करन?"

"मी करीन."

"तुले चहा तं जमत नाही."

"शिकीन."

चार माणसांत बोलायचं म्हणून बोलले, असं आत्याला वाटलं. मलाही तसंच वाटलं. पण तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मला जाग आली ती भांडी पडण्याच्या आवाजानं. बाबा परातीपुढे बसले होते, कोपरापर्यंत पीठ. आत्या हात पुढे करत होती आणि ते तिला हात लावू देत नव्हते. त्यांनी डबा भरला, दप्तरात ठेवला आणि डाळमिलला निघून गेले.

हजेरीला मी हजर म्हणाले. बाईंनी क्षणभर वर पाहिलं आणि पुढचं नाव घेतलं. त्यांनी मला जवळ घेतलं नाही, याचं मला फार बरं वाटलं.

मधल्या सुट्टीत डबा उघडला. भाकर जाडजूड होती, कडेला करपलेली आणि मध्ये कच्ची.

"हे तं कच्ची हाये वं," मैत्रीण म्हणाली. "माह्या डब्यातलं खा."

मी नको म्हटलं आणि घास तोंडात घातला. पीठ दातांना चिकटलं. तेव्हा मला कळलं, की आता माझा डबा आई भरणार नाही. उद्या नाही, परीक्षेच्या दिवशी नाही, कधीच नाही. भर वर्गात मी मोठमोठ्यानं रडायला लागले. तो घास मात्र मी टाकला नाही.