राजाछाप मंजन

महाल पेठेतल्या भागीरथाबाईंच्या मंजनाच्या डबीवर मुकुट घातलेला राजा होता. तो म्हणजे दंडारीच्या लोकनाट्यात राजाचं सोंग घेणारा त्यांचा नवरा, दौलत. नकली डब्या निघू लागल्या, तशी बाईंनी छाप नोंदवायला टाकली. अर्ज परत आला. वकील म्हणाले, "राजाचं चित्र नोंदवता येत नाही. लोकांना वाटेल, राजानंच मंजन नावाजलं."

"अवो वकीलसाहेब, हा माह्या घरचा माणूस हाय! किती दिवसांपासून तेच सांगून राहिली मी."

"पण दिसतो तर राजाच ना?"

चिडून बाईंनी चित्रातला मुकुट काढून टाकायला लावला. नोंदणी झाली. पण टकला दौलत पाहून गिऱ्हाईक डबी परत सारायचं, "हे नको, राजावालं द्या," आणि शेजारच्या दुकानातून नकली राजा घेऊन जायचं. बाईंचा जीव नुसता जळायचा.