सतरा खडे

छापखान्यात त्यांना सगळे कानसेन म्हणायचे. त्यात कौतुक होतं, थोडी टिंगलही होती. एकतीस वर्षं त्यांनी छपाईच्या मोठ्या यंत्रावर काढली. यंत्र सुरू झालं की शेजारी उभ्या असलेल्या माणसाशीही हातवारे करूनच बोलावं लागे. चहा हवा की नको ते बोटांनी आणि मालक येताहेत ते भुवयांनी. अशा माणसाला शांततेचं वेड लागलं तर नवल नाही. सुटीच्या दिवशी कुणी पत्ते कुटतं, कुणी ताणून देतं. कानसेन पाठीला तंबू लावायचे, बायकोला सोबत घ्यायचे आणि माणसाचा आवाज पोचत नाही अशी जागा शोधत फिरायचे.

आधी ओळखीचे लोक तोंडी विचारत. मग मालकांनाच कल्पना सुचली आणि त्यांनी एक छोटी पुस्तिका काढली. तंबू कुठे ठोकावा, वाट कशी आहे, पाणी गोड आहे का, सकाळी डोळे उघडल्यावर समोर काय दिसतं, हे सगळं त्यात दोन-दोन ओळींत असे. प्रत्येक नोंदीच्या शेवटी एक आकडा असे आणि लोक पुस्तिका घेत ते त्या आकड्यासाठी. तासाभरात माणसाचे किती आवाज ऐकू आले, त्याचा तो आकडा. ‘तळ्याची दक्षिण बाजू, चढ सोपा, सावली भरपूर, आवाज सहा.’ आकडा जितका लहान तितकी जागा भारी. लोक त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत.

आकडा काढायची रीत नवराबायकोनं मिळून ठरवलेली होती. उन्हं कलली की दोघं दोन दिशांना जायची, एकमेकांना दिसणार नाही इतकं लांब. जोडीनं बसलं की बोलणं होतंच, म्हणून. डाव्या खिशात वीस खडे. मोटारीचा भोंगा, लाकूड कापायचं यंत्र, कुणाची हाक, काहीही कानावर आलं की एक खडा उजव्या खिशात. पाखरं, पाणी, वारा यांना माफी. आणि तास पुरा झाल्याशिवाय जागचं हलायचं नाही. एकदा बाईंच्या पावलावरून विंचू चालत गेला तरी त्या बसून राहिल्या होत्या. हट्टात दोघंही एकमेकांना हार जाणारी नव्हती.

बाई टेलिफोन खात्यात अठ्ठावीस वर्षं ऑपरेटर होत्या. समोरच्यानं नुसता श्वास घेतला तरी तो चिडलाय की रडवेला झालाय ते त्यांना कळायचं. खाली इस्त्रीवाल्याच्या दुकानात गिऱ्हाईक काय कुरकुरतंय ते वरच्या खोलीत बसून सांगत. खरं तर कानसेन हे नाव त्यांनाच शोभलं असतं.

कारण ज्या यंत्रानं नवऱ्याला वेड लावलं त्यानंच त्याचे कान नेले होते. आधी पाखरं गेली. मग कुकरची शिट्टी गेली, मग दारावरची घंटा. कानसेनांचं म्हणणं असं की हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात. लेक दुसऱ्या गावी दिलेली. ती फोनवर म्हणायची, बाबा, एकदा कान दाखवून या. त्यावर हे म्हणायचे की आधी तुझा फोन दुरुस्त करून घे. स्वतःत खोट निघायची वेळ आली की अख्ख्या जगाला दुरुस्तीला पाठवणारी माणसं असतात, त्यांतलेच हे. हळूहळू त्यांना एक युक्ती साधली. समोरचा बोलत असताना ओठांकडे बघायचं आणि मधून मधून मान डोलवायची. मान डोलवली की समोरचा खूश होतो. दहांतल्या नऊ वेळा तेवढ्यावर भागतं.

एका संध्याकाळी तंबूसमोर टॉवेल पसरून दोघांनी खडे मोजले. त्यांचे चार निघाले, बाईंचे नऊ. बाईंनी नवऱ्याचा उतरलेला चेहरा पाहिला आणि आपणच विसरून दोन-दोन टाकले असतील असं म्हणाल्या. त्या दिवसापासून त्या परतताना वाटेतच नवऱ्याला ऐकू गेले नसतील तेवढे खडे अंदाजानं पुन्हा डाव्या खिशात टाकू लागल्या आणि दोघांचा आकडा जुळू लागला. नवऱ्याच्या टिपणांच्या वहीची छापायला द्यायची पक्की प्रत मात्र बाईच करायच्या, आपल्या गोल अक्षरात. तिथे त्या खरा आकडा लिहीत. म्हणून पुस्तिका कधी चुकली नाही.

कानसेनांना हे कळलं तिसऱ्या आवृत्तीच्या वेळी. कड्याखालच्या जागेला आपण तीन मोजले होते हे त्यांना पक्कं आठवत होतं, आणि छापलेल्या पानावर आठ होते. त्यांनी आणखी दोन पानं उलटली. मग पुस्तिका मिटून गठ्ठ्यावर ठेवली, हात धुतले आणि घरी गेले. घरी एक अक्षर बोलले नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती उघडली असती तर पुस्तिका गेली असती, कानसेन हे नाव गेलं असतं, आणि उरला असता तो यंत्रावरून उतरलेला एक बहिरा म्हातारा. त्यांना त्याची भीती वाटत होती. भीती कुणालाही वाटेल. पण त्या भीतीपायी त्यांनी बायकोला जन्मभराच्या खोट्याला जुंपलं, आणि त्याचा राग आल्याशिवाय राहत नाही.

पाचव्या आवृत्तीत एक पान रिकामं राहत होतं. मालकांनी एखादी नवी जागा मागितली. थंडी पडायला लागली होती आणि बाईंचा गुडघा दुखत होता, तरी दोघं निघाली. गाडीरस्ता संपल्यावर दोन तासांची चाल होती. शेवटच्या खिंडीतून खाली पाहिल्यावर दोघांची पावलं थांबली. तिन्ही बाजूंनी काळे कडे आणि मधोमध तळं. पाणी इतकं स्थिर की कड्यांचा एकेक तडा त्यात दिसत होता. मोबाइलला रेंज नव्हती. ते तर त्यांनी जागेचं मोठेपणच धरलं.

गवताच्या सपाट तुकड्यावर तंबू ठोकून झाला. साडेचारला कानसेन पश्चिमेच्या चढावर जाऊन बसले. बाई खडकाच्या टेकाडापलीकडे, पाण्याच्या कडेला गेल्या.

दहा मिनिटं झाली, वीस झाली, खडा हलला नाही. अर्धा तास झाला तसा कानसेनांनी उजवा खिसा चाचपून पाहिला. आजवर कुठल्याही जागेला शून्य मिळालं नव्हतं. दूरवर निदान एखादं विमान तरी जायचंच. शेवटची दहा मिनिटं त्यांनी श्वाससुद्धा जपून घेतला. साडेपाच वाजले तेव्हा वीसच्या वीस खडे डाव्या खिशात होते आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आयुष्यभर जे शोधलं ते सापडलं असं त्यांना मनापासून वाटलं. रिकामा उजवा खिसा बाहेर ओढून, बाईंना दाखवायला म्हणून, ते जवळजवळ पळतच टेकाड ओलांडून गेले.

बाई दोन खडकांच्या फटीत अडकल्या होत्या. कमरेपासून खाली पाण्यात. बसायला जाताना शेवाळावरून पाय सटकला होता आणि खुब्याचं हाड मोडलं होतं. छाती आणि हात तेवढे समोरच्या सपाट खडकावर होते. खिशातले खडे तिथेच सांडले होते, आणि त्यांतले काही बाजूला एका ओळीत लावून ठेवलेले दिसत होते.

कानसेनांच्या चेहऱ्यावरचं हसू अजून मावळलंही नव्हतं. त्यांची नजर आधी खड्यांवर गेली. इतक्या वर्षांची सवय. त्यांनी ओळ मोजली.

‘सतरा?’ ते म्हणाले. ‘अगं, मला तर एकही ऐकू आला नाही.’

बाईंनी मान वर केली. दात वाजत होते, ओठ निळे पडले होते. तरीही त्यांनी शब्द सावकाश उच्चारले, नवऱ्याला ओठांवरून वाचता यावेत म्हणून.

‘माझेच आहेत. तुम्हाला मारलेल्या हाका.’

मग कानसेन पाण्यात उतरले. कसं ओढलं आणि कुठून बळ आलं, ते त्यांना नंतर कधीच नीट सांगता आलं नाही. कोरडे कपडे, दोन्ही झोपायच्या पिशव्या, तंबूचं कापडसुद्धा बाईंभोवती गुंडाळलं, आणि त्यांना तिथे एकटं टाकून ते मदत आणायला धावले. दुसरा उपायच नव्हता. शांत जागा शांत असते ती तिथे कुणी नसतं म्हणून. हे त्यांनी पुस्तिकेच्या चार आवृत्त्यांत कुठेही लिहिलं नव्हतं. गाडीरस्त्यावर भेटलेल्या लाकूडतोड्यांना घेऊन परत येईपर्यंत आणि बाईंना झोळीतून रस्त्यावर आणेपर्यंत उजाडलं.

हाड डॉक्टरांनी बसवलं. थंडी छातीत शिरली होती, ती हटेना. लेक धावत आली आणि दवाखान्यातच राहिली. बापाशी ती तुटक बोलायची. तो तर आधीच अर्धं ऐकत होता. आठव्या दिवशी दुपारी बाईंनी तोंडावरचा मास्क बाजूला केला, नवऱ्याची बाही धरून त्याला खाली ओढलं आणि कानाशी तोंड नेऊन बोलू लागल्या. समोर बघून बोलल्या असत्या तर ओठ दिसले असते. बाईंना हे सगळ्या जगापेक्षा जास्त ठाऊक होतं. तापात विसरल्या असतील. त्या बराच वेळ बोलत होत्या. कानसेनांना गालावर फक्त गरम श्वास कळत होता. एकदा त्या थांबल्या तेव्हा यांनी मान डोलवली. पुन्हा थांबल्या तेव्हा ‘हो’ म्हणाले. बाईंचा चेहरा निवला. उशीवर डोकं टेकून त्यांनी डोळे मिटले.

बाहेर लेकीनं गाठलं. आई काय म्हणाली ते ती विचारत होती, हे ओठांवरून दिसलं.

‘तब्येत सांभाळा म्हणाली.’

‘एवढंच? बाबा, ती इतका वेळ बोलत होती.’

कानसेनांनी मान डोलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई गेल्या.

महिनाभरानं मालकांचा निरोप आला की पुस्तिका त्या एका पानासाठी अडली आहे. नको असेल तर राहू द्या, असंही त्यांनी कळवलं होतं. माणूस भला होता. कानसेनांनी वही काढली. तळ्याच्या पानावर त्यांनी त्या संध्याकाळी चढावरच बसून, आनंदाच्या भरात, पेन्सिलीनं शून्य लिहिलं होतं आणि खाली दोन रेघा ओढल्या होत्या. पक्की प्रत करायला आता कुणी नव्हतं. त्यांनी आपल्या वेड्यावाकड्या अक्षरात ती स्वतःच केली आणि छापखान्यात नेऊन मालकांच्या हातात दिली.

‘खिंडीखालचं तळं. रस्त्यापासून दोन तास चाल. पाणी गोड, जमीन सपाट, काठाला शेवाळ. मदत पोचायला रात्र जाते. आवाज सतरा.’

मागे यंत्र चालू होतं. मालकांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि मान खाली ठेवूनच काहीतरी विचारलं. इतक्या लांबच्या जागेला सतरा कसे, असंच बहुधा. कानसेनांची मान सवयीनं हलायला लागली होती. त्यांनी ती थांबवली.

‘मालक, वर बघून बोला,’ ते म्हणाले. ‘मला ऐकू येत नाही. बरीच वर्षं झाली. पुस्तिकेतले सगळे आकडे तिचे आहेत.’

मालकांनी वर पाहिलं. मग हात उंच करून यंत्र बंद करायची खूण केली. कामगार होते तिथे उभे राहिले. यंत्र थांबलं हे कानसेनांना कळलं ते पायाखालची फरशी थरथरायची थांबली म्हणून.