ओळंबाकाकांचा मॉनिटर

ओळंबाकाका कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवरची तसबीर सरळ करायचे आणि मग नमस्कार करायचे. घरातला माणूस "या, बसा" म्हणेपर्यंत हे टाचा उंचावून भिंतीशी पोचलेले असत. तसबीर देवाची असो, गेलेल्या आजोबांची असो की बँकेचं फुकटचं कॅलेंडर असो, काकांना ती कुठल्या ना कुठल्या बाजूला झुकलेली दिसायचीच. सरळ केल्यावर जरा मागे येऊन, मान न हलवता, ते तिच्याकडे बघायचे आणि मगच खुर्चीत टेकायचे. भिंत सरळ उभी राहतेय की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, त्या ओळंब्यावरून आमच्या वारज्याच्या सोसायटीत त्यांना हे नाव पडलं होतं. त्यांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं, असा माझा संशय आहे.

मी त्यांच्याकडे पेइंग गेस्ट म्हणून आले तेव्हा हिंजवडीत नुकत्याच एकदोन काचेच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांतल्या एकीत मला नोकरी लागली होती. माझं गाव अमरावती. पहिल्या दिवशी बॅगा आत घेता घेता मी विचारलं, "काका, इथं जवळपास मेस कुठं भेटते?" काका म्हणाले, "भेटतात ती माणसं. मेस मिळते. आणि आपल्याला मेस हवीय कशाला? आपण इथंच जेवायचं आहे." हा अपमान होता की आमंत्रण, हे मला रात्रीच्या जेवणापर्यंत कळलं नाही. दुसऱ्या दिवशी 'आपण'चं 'तू' झालं आणि माझं नाव अमरावती पडलं. काकू मात्र मला शेवटपर्यंत वर्षाच म्हणत राहिल्या.

काका ड्राफ्ट्समन होते. पिंपरीच्या एका मोठ्या कारखान्यात यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मग परदेशातली भागीदार कंपनी आली, उभे ड्रॉइंग बोर्ड गोदामात गेले, त्यांच्या जागी कॉम्प्युटर आले आणि पन्नाशी ओलांडलेल्यांपुढे स्वेच्छानिवृत्तीचे कागद सरकवले गेले. "स्वेच्छा त्यांची, निवृत्ती माझी," असं काका म्हणायचे. घरी बसल्यावर ते इतके अस्वस्थ झाले की काकू मला ओट्यापाशी हळूच म्हणाल्या, "याला काही काम मिळालं नाही ना, तर हा माणूस भिंतींशी भांडायला लागेल बघ." नवऱ्याच्या माघारी त्या त्याला असं एकेरीत आणत, समोर मात्र 'अहो'.

शेवटी काकांनी रागारागातच कॉम्प्युटरचा क्लास लावला, जुना कॉम्प्युटर विकत घेतला आणि घरून ड्रॉइंगं करून द्यायचं ठरवलं. भोसरीला वर्कशॉप चालवणारे बबनशेठ त्यांना कारखान्यापासून ओळखत होते. ते एकदा स्वतः येऊन कामाचे कच्चे आराखडे देऊन गेले. "काका, तुमच्यासारखा मानूस न्हाई, म्हनून आधी तुमच्याकडं आलो. हे काम नीट झालं तर पुढचं समदं तुमचंच हाय. पर लांबलं तर मला कॉम्प्युटरवाली पोरं बघावी लागतील." त्या दिवशी काकांनी दुपारी झोप घेतली नाही. काकूंनी शिरा केला.

अडचण एकच होती. जुन्या कॉम्प्युटरबरोबर आलेला मॉनिटर इतका बारका आणि थरथरणारा होता की काकांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. नवीन मॉनिटर घ्यायचा ठरला आणि निवडायची जबाबदारी माझ्यावर आली, कारण मी कॉम्प्युटर इंजिनिअर. मॉनिटर चालू आणि बंद कसा करायचा यापलीकडे मला त्यातलं काहीएक कळत नव्हतं. ऑफिसात विचारावं तर जितकी माणसं तितकी मतं. एक म्हणे पंधरा इंची पुरे, दुसरा म्हणे सतरा इंचीशिवाय ड्रॉइंगचं काम होणारच नाही. एक म्हणे काच सपाट हवी, दुसरा म्हणे सपाट काचेत आतला भाग खोलगट दिसतो. कुणी ठिपक्यांमधल्या अंतराबद्दल बोलायचं, कुणी सेकंदाला किती वेळा चित्र लुकलुकतं त्याबद्दल. मी सगळं ऐकून घरी यायचे आणि काकांना आदल्या दिवशीच्या बरोबर उलट सल्ला द्यायचे.

तपकीर गल्लीत सलीमभाईंचं दुकान होतं. त्यांच्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान तिथंच होतं; रेडिओ जाऊन टीव्ही आला, टीव्हीपाठोपाठ कॉम्प्युटर. सलीमभाईंनी मोठ्या हौसेने आम्हाला पडद्यावर धबधबा लावून दाखवला. काका म्हणाले, "मला धबधबा काढायचा नाहीये. एक आडवी रेषा दाखवा." सलीमभाईंनी रेषा दाखवली. काकांनी डोळे बारीक केले, "हिचं पोट सुटलंय," म्हणाले आणि पुढच्या मॉनिटरकडे वळले. दुकानातले सगळे मॉनिटर बघून झाल्यावर त्यांनी त्यातल्या त्यात बरा म्हणून एक घेतला. त्या वेळचे मॉनिटर म्हणजे चांगले अगडबंब खोके. रिक्षात तो माझ्या आणि काकांच्या मांडीवर निम्मा निम्मा बसला होता.

घरी लावला तर रेषेचं पोट आणखीनच सुटलेलं. सलीमभाई म्हणाले, "काका, या ट्यूबची काच फुगीर असतेच, तुम्ही सपाट काचेचा न्या," आणि तक्रार न करता बदलून दिला. सपाट काचेतही काकांना रेषा मध्येच लहरताना दिसली. मग ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं की जवळ लोहचुंबक असेल तर चित्र वाकतं. झालं! आम्ही आधी स्पीकर हलवले, मग स्टॅबिलायझर दुसऱ्या खोलीत नेला, मग भिंतीपलीकडचा फ्रिज. दुसऱ्या कुणी सांगितलं की पृथ्वीच्या चुंबकत्वाचाही परिणाम होतो, मॉनिटरचं तोंड पूर्वेला करा. टेबल फिरलं, त्यामागे कपाट फिरलं, कपाटामागे पलंग. काकू डाळीचं भांडं हातात घेऊन मधोमध उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, मला माझ्या स्वयंपाकघरात जायची वाट तेवढी सांगा."

मला काय दिसत होतं, असं कुणी विचारेल. मला आधी रेषा अगदी सरळ दिसायची. पण काका शेजारी उभे राहून "इथं बघ, इथं, मधे कशी फुगलीय" असं इतक्या खात्रीने म्हणायचे की बघून बघून मलाही ती वाकडी दिसायला लागली. ज्या माणसाने जन्मभर फक्त रेषाच बघितल्या त्याच्यापुढे माझ्या डोळ्यांची काय किंमत? तिसरा मॉनिटर आला, त्यावरही तेच. तिकडे बबनशेठचे फोन सुरू झाले. काका फोनवर "होतंय, होतंय" म्हणायचे आणि फोन ठेवून पुन्हा पडद्यासमोर बसायचे. काम एका रेषेनेही पुढे गेलेलं नसायचं. त्याच सुमारास खालच्या मजल्यावरच्या जोशीबाई मला जिन्यात म्हणाल्या, "काय गं, हल्ली तुझे काका येऊन गेले की आमचा फोटो वाकडा होतो." मला ती त्यांची खोड वाटली. पेठेत वाढलेल्या बाई, असं बोलायच्याच.

एका रविवारी सकाळी सलीमभाई स्वतःच वारज्याला आले. इतकं सामान बदलून नेणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता, आणि आता त्यांनाही कुतूहल लागून राहिलं होतं. चहा झाल्यावर ते म्हणाले, "काका, तुमची ती स्टीलची पट्टी द्या बरं." ही पट्टी काकांची जीव की प्राण. एकदा काकूंनी तिने खोबऱ्याच्या वड्या कापल्या होत्या, त्यावरून त्या घरात बरेच दिवस अबोला होता. सलीमभाईंनी पडद्यावर आडवी रेषा आणायला सांगितली आणि पट्टीची कड अलगद तिला लावली. "आता बघा. कुठं फट आहे का?"

मी वाकून बघितलं. रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टीला चिकटून होती. काकूंनी चष्मा लावून बघितलं आणि मान हलवली. मग काका पुढे झाले. नाक काचेला लागेल इतके जवळ गेले, मागे आले, पुन्हा जवळ गेले.

"पट्टी वाकलीय," ते म्हणाले.

काकांनी पट्टी हातात घेतली आणि तिच्या कडेवरून बोट फिरवलं. मग ते खिडकीशी गेले आणि बाहेरच्या गजांकडे बघत उभे राहिले. त्यांनी एक डोळा तळहाताने झाकला, मग दुसरा झाकला, मग पुन्हा पहिला. आम्हाला त्यांची पाठच दिसत होती. काकू घाबऱ्या आवाजात "अहो?" म्हणाल्या, तेव्हा ते वळले.

"सलीमभाई, मॉनिटर चांगला आहे. ठेवून घेतो. खराब नग दुसराच निघाला, तो काही तुम्हाला बदलून देता यायचा नाही."

सलीमभाई हसले नाहीत. "उद्या सकाळी गाडी घेऊन येतो, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ," एवढंच म्हणाले, आणि आले. डॉक्टरांनी चौकड्यांची जाळी छापलेला कागद समोर धरला. काकांना त्यातले मधले चौकोन विरघळल्यासारखे दिसत होते. डोळ्याच्या आतला पडदा मधोमध खराब होत चालला होता, उजवा जास्त आणि डावाही त्याच वाटेवर. त्या काळी त्यावर फारसा इलाज नव्हता. येताना गाडीत काका एकदाच बोलले, "कधीपासून?" आणि तो प्रश्न त्यांनी आमच्यापैकी कुणालाच विचारला नव्हता. कारखान्यातल्या शेवटच्या वर्षात त्यांनी तपासून परत पाठवलेली ड्रॉइंगं खरंच चुकीची होती का, जोशीबाईंचा फोटो खरंच वाकडा होता का, आणि त्या पहिल्या फुगीर मॉनिटरवर रेषा खरंच वाकत होती की नाही, यातलं काहीच मला आजही नक्की सांगता यायचं नाही.

पुढचे काही दिवस काका नुसते पडद्यासमोर बसून असत. एकदा मला हाक मारून म्हणाले, "अमरावती, ही रेषा सरळ आहे?"

"हो काका."

"मला वाकडी दिसतेय."

"हो."

"मग ती आहे कशी?"

मी त्यांना समजावलं की कॉम्प्युटरला दोन टोकांचे आकडे दिले की मधली रेषा तो सरळच काढतो, आपल्याला ती कशी का दिसेना. काका म्हणाले, "म्हणजे न बघता विश्वास ठेवायचा. देवावर कधी ठेवला नाही, आता या खोक्यावर ठेवू?" मला हसावं की काय करावं ते कळेना. मला त्यांची फार दया येत होती आणि ती त्यांना दिसू नये म्हणून मी उगीचच वायरी नीट लावत बसले.

त्यांनी बबनशेठना स्वतः फोन लावला आणि काही न लपवता सगळं सांगितलं. पलीकडून आलेला आवाज आम्हालाही ऐकू येत होता. "काका, रेगा कॉम्प्युटर काढतो न्हवं? आकडं तर तुमच्याच डोक्यात हायत. मग? बसा की कामाला." काकांनी फोन ठेवला आणि काकूंना म्हणाले, "हा मला शहाणा म्हणाला की मूर्ख?" काकू म्हणाल्या, "ते नंतर ठरवा. मी खुर्ची आणते." आणि त्यांनी स्वयंपाकघरातली खुर्ची आणून त्यांच्या खुर्चीशेजारी ठेवली.

त्यानंतर काका बरीच वर्षं घरून काम करत राहिले. माझी बदली बंगळूरला झाली, लग्न झालं, फोन कमी होत गेले आणि एके दिवशी काका गेल्याचं काकूंनीच कळवलं. मला ते आठवतात ते बबनशेठचं पहिलं काम पुरं झालं त्या दुपारचे. मोठ्या कागदावर छापून आणलेली ड्रॉइंगं जेवणाच्या टेबलावर पसरली होती. ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात दोन लहान चौकटी असतात. एकीत काढणाऱ्याची सही, दुसरीत तपासणाऱ्याची. स्वतः काढलेलं स्वतः तपासायचं नाही, हा त्या कामाचा नियम. कारखान्यात त्या दुसऱ्या चौकटीत काकांची सही असे आणि ती मिळवताना भल्याभल्यांना घाम फुटे. एक अक्षर चौकटीला टेकलं तरी कागद परत.

काकांनी बोटाने चाचपून पहिल्या चौकटीत सही केली. मला वाटलं, आता मला सांगणार. मी पेन घ्यायला हात पुढे केला. त्यांनी कागद काकूंपुढे सरकवला.

"मी?" काकू म्हणाल्या. "अहो, मला काय कळतंय त्यातलं? वर्षा आहे की, इंजिनिअर."

"तिला कॉम्प्युटर कळतो. इतके दिवस माझ्या शेजारी बसून कोण बघत होतं? तू सरळ म्हणालीस तेव्हा मी पुढची रेषा काढली. कर सही."

काकूंनी पदराला हात पुसले. बँकेत करायच्या तशी पूर्ण नाव-आडनावाची सही त्यांनी सावकाश, एकेक अक्षर जोडत केली. चौकट केवढी आणि नाव केवढं! आडनाव पार बाहेर गेलं. मी काकांकडे बघितलं.

"गेली ना चौकटीबाहेर?" काकांनी विचारलं.

"हो," काकू ओशाळून म्हणाल्या. "बरीच."

"असू दे," काका म्हणाले. "तपासणाऱ्याने केलंय. बरोबरच असणार."