साहेबांचा उजवा हात

मांस कापून, थंड करून पाकिटात भरणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे स्वॅबबाई म्हणत. एकोणीस वर्षं तिचं काम एकच. कामाची पाळी सुरू व्हायच्या आधी सुऱ्या, टेबलं, सरकते पट्टे आणि कामगारांचे हात यांच्यावरून ओला बोळा, म्हणजे स्वॅब, फिरवायचा, तो प्रयोगशाळेतल्या प्लेटवर टेकवायचा, प्लेट दोन दिवस उबेत ठेवायची आणि उगवलेले जंतूंचे ठिपके मोजायचे. ते काम तिच्या अंगात इतकं मुरलं होतं की शाळेची बस चालवणारा तिचा नवरा पाहुण्यांना सांगे, "आमच्याकडे हात धुतल्याशिवाय भांडायलाही परवानगी नाही." सासूबाई मात्र सुनेच्या बाजूच्या. "बोलू दे त्याला. लग्नाआधी महिना महिना टॉवेल बदलत नव्हता," म्हणत त्या लेकाचं तोंड बंद करत.

मग गुणवत्ता विभागाला नवे साहेब आले. त्यांना जंतूंपेक्षा आकड्यांचं वावडं जास्त. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिचा अहवाल तिच्याचसमोर फडकावला.

"बाई, हे चारशे काय आहे?"

"जंतू, साहेब. कापणीच्या पट्ट्याखालचे."

"पट्ट्याखाली शिरता कशाला? मांस वरून जातं ना?"

"पाणी खालून उडतं, साहेब. आतला रूळ पोकळ आहे, त्यात पाणी साचतंय. उघडून बघायला हवा."

"रूळ उघडला की पट्टा बंद, आणि पट्टा बंद झाला की वर उत्तरं मी द्यायची."

दुसऱ्या दिवसापासून स्वॅब कुठून घ्यायचा याची यादी साहेबांकडून येऊ लागली. नुकतं पुसलेलं टेबल, कोणी हात न लावलेली कोरी सुरी, आणि स्वागतकक्षाच्या दाराची मूठ. तिथे मांस औषधालाही सापडलं नसतं. आकडे धडाधड उतरले. आठ महिने सगळीकडे शून्य! साहेबांनी त्या शून्यांचा भलामोठा तक्ता फाटकाजवळ लावला.

"अहो, मी खोटं लिहीत नाही," ती घरी नवऱ्याला म्हणाली. "पण खरं जिथे आहे तिथे मला जाऊच देत नाहीत."

"मग वर सांग."

"वर तेच बसलेत."

स्वच्छता सप्ताह आला. साहेबांनी सगळ्या कामगारांना कॅन्टीनमध्ये गोळा केलं आणि माईक धरून पाऊण तास भाषण ठोकलं. बोलता बोलता रंगात येऊन ते म्हणाले, "स्वच्छता वरून सुरू होते! बाई, माझ्याच हाताचा स्वॅब घ्या. सगळ्यांसमोर!"

"साहेब, आधी हात धुऊन येता?" तिने हळूच विचारलं.

"मला काय गरज?"

टाळ्या पडल्या. तिने बोटांवरून, नखांच्या कडांवरून नीट बोळा फिरवला.

दोन दिवसांनी प्लेट उघडली तर ठिपके मोजता येईनात, इतके दाट. त्याच बोळ्याची दुसरी प्लेट तर आणखी बोलकी होती. संडासातून आल्यावर साबण न लावणाऱ्यांच्या हातावर जे जंतू असतात, ते तिथे थाटात वाढले होते. तिने निकाल वहीत लिहिला आणि साहेबांना दाखवला. साहेबांचे कान लाल झाले.

"नमुना खराब झाला असं लिहा."

"नमुना उत्तम आहे, साहेब. आणि वहीत लिहून झालंय. पेनाने."

पुढचं बोलणं व्हायच्या आत माल घेणाऱ्या कंपनीची तपासनीस दारात उभी राहिली. तिने वही मागितली. एकेक शून्य बघताना तिच्या भुवया वर वर चढत गेल्या. शेवटच्या पानावर ती थांबली. "हा उजवा हात कोणाचा?"

साहेबांची छाती एकदम पुढे आली. "माझा! मीच नोंदवायला लावलं. आमच्याकडे लपवाछपवी नाही."

"छान. मग आज बाई म्हणतील तिथून स्वॅब घेऊ."

स्वॅबबाईने क्षणही दवडला नाही. "कापणीचा पट्टा. खालचा रूळ."

रूळ उघडला तसा असा भपकारा आला की तपासनीस दोन पावलं मागे सरली. तिने त्या पट्ट्यावरचा सगळा माल जागच्या जागी रोखून धरला. पाच दिवसांनी निकाल आला: लिस्टेरिया, थंडगार खोलीतही सुखाने वाढणारा जंतू. मालाची विल्हेवाट लागली, ते पाच दिवस पट्टा बंद राहिला, आणि पोकळ रूळ जाऊन भरीव रूळ आला. कारखान्याच्या नियमाप्रमाणे स्वॅबमध्ये हात नापास झालेल्यांना हात धुण्याचं शिक्षण घ्यावं लागे, आणि ते देत संडास साफ करणाऱ्या मावशी. त्या नियमावर सही साहेबांचीच असल्यामुळे त्यांनाही पळवाट नव्हती. "नखं साहेब, नखं!" मावशींचा आवाज बाहेर कॅन्टीनपर्यंत ऐकू येत होता.

वर्षअखेरच्या अहवालात 'व्यवस्थापनाने स्वतः शोधून काढलेला दोष' असं एक अख्खं पान होतं. साहेबांना बढती मिळून ते मुख्य कार्यालयात गेले. नवरा चिडला. "आणि तुझं नाव?"

"राहू दे हो," ती म्हणाली खरी, पण त्या दिवशी तिने भांडी जरा जास्तच आपटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पट्ट्याखाली पाठीवर आडवी झाली होती. कापणीचा मुकादम तिच्यासाठी बॅटरी धरून कुरकुरत उभा होता.

"बाई, उठताय कधी? पट्टा सुरू करायचाय."

"पाच मिनिटं थांबा," खालून आवाज आला, "नाहीतर परत पाच दिवस थांबाल. आणि उजेड जरा डावीकडे घ्या."

मुकादमाने उजेड डावीकडे घेतला.