तीस जाळी

वैनगंगेचा पूर ओसरला तेव्हा आमच्या गावच्या मासेमारांच्या मोहल्ल्यात भिंती कमी आणि गाळ जास्त उरला होता. पुण्याची एक संस्था धावून आली. ताडपत्र्या, भांडी, तांदूळ, सगळं वेळेवर. यादी करायला त्यांना गावातला बोलका माणूस हवा होता. झाडीपट्टीच्या नाटकांत मी विनोदी कामं करतो, तेव्हा दुसऱ्या कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. वही घेऊन मी दारोदार असा हिंडलो, की तहसीलदारानं उठून खुर्ची द्यावी.

एका घरी नवरा, बायको आणि म्हातारी सासू. सुनेनं मला ओट्यावर बसवलं.

"भाऊ, तांदूळ भेटला. पन आमचं जाळं वाहून गेलं. जाळं नसलं तं मिरची तोडाले तेलंगणात जा लागते."

"मंग म्हातारीले कोन पाहीन?"

"म्हनून तं तुमाले सांगून राह्यली."

"मले नोका पाहू," सासू आतून म्हणाली, "जाळ्याचं पाहा."

मी लिहिलं: जाळी, तीस. संस्थेतल्या ताईंचा फोन आला. "जाळी घरांसाठीच ना?"

सरळ उत्तर द्यायचं होतं. पण टाळीचं वाक्य सुचलं की मला राहवत नाही. "ताई, जाळीशिवाय आमच्याकडे घर चालतं का?"

त्या मनापासून हसल्या. मी ते वाक्य दोन दिवस गावभर ऐकवलं.

पंधरा दिवसांनी गाडी आली. तीस मच्छरदाण्या. गुलाबी, झालरीच्या. त्या नवऱ्यानं एक डोक्यावर घेतली. "भाऊ, नवरी शोभून राह्यलो का?" सगळा मोहल्ला हसला. त्याच्या बायकोनं कापड बोटांवर ताणून पाहिलं. "याच्यातून तं पानीबी निंगत नाई," ती हळूच म्हणाली आणि घडी घालायला लागली.

ताईंनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. तो माझा मीच घेतला, फार उशिरा. त्यांनी दोऱ्याची जाडी, भोकांचं माप विचारून नवी मागणी नोंदवली. जाळी आली तेव्हा संक्रांत उलटून गेली होती.

त्या नवरा-बायकोच्या वाट्याचं जाळं खांद्यावर घेऊन मी गेलो. ओट्यावर म्हातारी एकटी.

"कवा गेले?"

"परवा. मिरचीच्या ठेकेदाराची गाडी आलती."

"मले सांगाचं तं."

"तू काय गाडी अडवनार होता?"

तिनं जाळं मांडीवर ओढलं. एकेका गाठीवरून अंगठा फिरवला. "मस्त हाये," म्हणाली. "टोक धर. पसरून पाहू."

मी टोक धरलं. दुसरं घेऊन ती पाठमोरी सरकत गेली, ओट्यावरून अंगणात, अंगणातून रस्त्यावर. जाळं उलगडतच होतं. तिच्या हातातून ते दोनदा सुटलं.

"ढिलं नोको सोडू," ती रस्त्यावरून म्हणाली. "हे दोघायचं काम हाये."